एका रात्रीचं घर: स्कॉटलंडच्या जुन्या शिरगणतीतलं शेतकरी कुटुंब कसं वाचायचं

२०११ नंतर रखडलेली आपली जनगणना आता होते आहे. देशाच्या बहुतेक भागासाठी १ मार्च २०२७ ची मध्यरात्र हा तिचा संदर्भक्षण ठरला आहे, आणि घराघरांत तेच जुने प्रश्न पुन्हा निघतील. पुण्याला शिकायला असलेला मुलगा गावच्या घरात धरायचा का? मळ्यातल्या खोलीत राहणारा सालगडी आमच्या कुटुंबात मोडतो की त्याचं घर वेगळं? कुटुंबप्रमुख म्हणून नाव कोणाचं सांगायचं?

हेच प्रश्न स्कॉटलंडमधल्या शेतकऱ्यांना एकोणिसाव्या शतकात पडले होते. फरक एवढाच की त्यांनी दिलेली उत्तरं आज आपल्याला ओळ न् ओळ वाचता येतात. पूर्वजांचा शोध घेणारी लाखो माणसं ती वाचतात आणि पुष्कळदा चुकीची वाचतात. कारण प्रत्येक ओळ हे कुठल्यातरी प्रश्नाचं उत्तर असतं. प्रश्न काय होता ते माहीत नसेल, तर उत्तर भलतंच काहीतरी सांगून जातं.

शिरगणती, पण कोणत्या रात्रीची?

ब्रिटनमध्ये १८०१ पासून दर दहा वर्षांनी माणसं मोजली जात होती. सुरुवातीला सरकारला फक्त आकडे हवे होते. देशभरातल्या प्रत्येक माणसाची नावनिशी नोंद पहिल्यांदा झाली ती ६ जून १८४१ च्या रात्रीची. त्या नोंदीत वयाबद्दल एक अजब सवलत होती. पंधरा वर्षांवरच्या माणसाचं वय पाचाच्या पाढ्यात खाली आणून लिहायचं, म्हणजे ३९ वर्षांचा माणूस ३५ चा. नातं विचारलंच नव्हतं. त्यामुळे १८४१ च्या पानावर एका घरात दिसणारी ‘३५’ ची बाई त्या पुरुषाची बायको आहे, बहीण आहे की मोलकरीण आहे, हे त्या पानावरून कळत नाही. जन्मस्थळाच्या रकान्यातही, ज्या परगण्यात राहतो तिथेच जन्म झाला का, एवढ्याचं हो किंवा नाही, आणि जन्म स्कॉटलंडबाहेरचा असेल तर इंग्लंड, आयर्लंड की परदेश, एवढंच. एक इमारत संपली की दोन तिरक्या रेघा आणि त्याच इमारतीतलं दुसरं बिऱ्हाड सुरू झालं की एक रेघ, इतक्यावर घरांच्या सीमा ठरायच्या.

खरी माहिती १८५१ पासून भरते. प्रमुखाशी नातं, लग्न झालंय का, नेमकं वय, जन्माचं गाव, सगळं आलं. मोजणीही जूनमधून मार्चअखेर-एप्रिलमध्ये सरकली, कारण उन्हाळ्यात गवतकापणीसाठी आणि इतर कामांसाठी माणसं घरापासून लांब पांगलेली असायची. रात्र मात्र कायम रविवारची. रात्रपाळीला गेलेला माणूस सकाळी घरी परतणार असेल तर तो घरातच धरायचा, असा नियम होता. जिथे वसंतात मेंढ्या व्यायच्या त्या डोंगराळ भागात हा नियम किती गरजेचा असेल, याची कल्पना करून पाहा.

घराघरांत आठवडाभर आधी कोरे तक्ते वाटले जायचे आणि सोमवारी गणक ते गोळा करायचा. ज्याला लिहिता येत नसेल त्याचा तक्ता गणक स्वतः भरायचा. खेड्यात हा गणक पुष्कळदा गावचा शाळामास्तर असे. आपल्याकडे आजही हे काम शिक्षकांच्याच गळ्यात पडतं. मग तो सगळे तक्ते एका वहीत उतरवून काढायचा. स्कॉटलंडमध्ये शिल्लक राहिल्या त्या या वह्या. शेतकऱ्याच्या हातचे मूळ तक्ते नष्ट झाले. म्हणजे आपण वाचतो ते घरधन्याने सांगितलेलं आणि मास्तराने ऐकून किंवा बघून पुन्हा लिहिलेलं. मधे दोन माणसं आहेत, हे विसरून चालत नाही.

एक पान समोर ठेवू

समजायला सोपं जावं म्हणून एक नमुन्याचं घर मांडतो. हे घर कुठल्याही एका खऱ्या कुटुंबाचं नाही, पण ईशान्य स्कॉटलंडच्या ॲबर्डीनशायर परगण्यातल्या पानांवर अशी घरं जागोजागी भेटतात.

तारीख ७ एप्रिल १८६१. पत्त्याच्या रकान्यात गल्ली नाही, घर क्रमांक नाही, फक्त शेताचं नाव. तिकडे शेत आणि त्यावरची वस्ती यांना मिळून एकच नाव असायचं आणि शेतकऱ्यालाही लोक त्याच नावाने हाक मारायचे, जसं आपल्याकडे मळ्यावरून माणूस ओळखला जातो. पहिल्या ओळीत प्रमुख, वय ५४, ‘शेतकरी, ९५ एकर, कामाला २ गडी, १ पोरगा, १ मुलगी’. खाली बायको, ४९, जन्म शेजारच्या बॅन्फशायरमधला. मुलगा २४ चा, अविवाहित, धंदा नांगऱ्या. मुलगी २१ ची, अविवाहित. धाकटी १२ ची, पुढे ‘विद्यार्थी’. त्याखाली नातू, वय ३, आडनाव मात्र वेगळंच. मग प्रमुखाची आई, विधवा, ८०. शेवटी चार ओळी नोकरांच्या: दोन नांगरे, २२ आणि १९ वर्षांचे, गुरं राखणारा १४ वर्षांचा पोरगा आणि घरकामाला १८ वर्षांची मुलगी. अगदी उजवीकडच्या रकान्यात एक आकडा: खिडकी असलेल्या खोल्या, ४.

अकरा माणसं, चार खोल्या, एक रात्र. आता एकेक ओळ उलगडू.

‘९५ एकर’ म्हणजे जमीन त्याची का?

आपलं मन लगेच सातबाऱ्याकडे जातं, आणि इथेच पहिली चूक होते. स्कॉटलंडची शेतजमीन मूठभर जमीनदारांच्या हातात होती. बहुतेक शेतकरी कुळं होते, तेही करारावरची. १९ वर्षांचा पट्टा ही तिथली रूढ मुदत. खानेसुमारीने विचारलं ते किती एकर कसता आणि किती माणसं ठेवता एवढंच. मालकी कोणाची, हे विचारलंच नव्हतं.

हा पट्टा डोक्यात ठेवला की कुटुंबाचा आकारही कळायला लागतो. ९५ एकरांचा पट्टा पुढे चालवायचा तर तो सहसा एकाच मुलाकडे जाणार. बाकीच्यांनी दुसरीकडे चाकरी धरायची, ग्लासगोची वाट धरायची किंवा थेट कॅनडा, न्यूझीलंड गाठायचं. चोविसाव्या वर्षीही अविवाहित असलेला, बापाच्या शेतात नांगर धरणारा मुलगा बहुधा वाट पाहतो आहे. पट्टा हाती आल्याशिवाय त्याचं लग्न जमणं अवघड. आणि पानावर ‘नांगऱ्या’ लिहिलं म्हणून त्याला पगार मिळत होता असं मुळीच धरू नये.

‘शेतकरी’ हा शब्दही लवचीक होता. तीन एकरवालाही शेतकरी आणि तीनशे एकरवालाही. उत्तरेकडच्या डोंगराळ भागात आणि बेटांवर ‘क्रॉफ्टर’ भेटतो, म्हणजे चिमुकल्या तुकड्यावर भागत नाही म्हणून मासेमारी किंवा मजुरी जोडीला करणारा अल्पभूधारक कूळ. त्याच्याही खाली ‘कॉटर’, ज्याच्याकडे झोपडी आणि फारतर भाजीपाल्यापुरती जागा. क्रॉफ्टरला जमिनीवरून मनमानीने हुसकावता येणार नाही, असं कायद्याचं कवच १८८६ मध्ये मिळालं.

गडी कुटुंबात कसे आले?

आपल्या जनगणनेत कुटुंब ठरतं चुलीवरून: एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसं ती एका कुटुंबातली. स्कॉटलंडच्या पानावर त्या रात्री छपराखाली कोण झोपलं, याला महत्त्व होतं. म्हणून नोकरही घराच्या यादीत आले.

पण गंमत इथेच आहे, कारण गड्यांची झोपायची आणि जेवायची सोय परगण्यागणिक बदलत होती. ॲबर्डीनशायरकडे अविवाहित गडी तबेल्यावरच्या किंवा त्याला लागून असलेल्या खोलीत झोपायचे आणि जेवायला मालकाच्या स्वयंपाकघरात यायचे. ते बहुधा मालकाच्याच घरात मोजले गेले. थोडं दक्षिणेला, अँगस आणि पर्थशायरमध्ये, ‘बॉथी’ची रीत होती. बॉथी म्हणजे गड्यांसाठी वेगळी बांधलेली एक खोली. तिथे मालकाकडून मजुरीचा भाग म्हणून ओटचं पीठ आणि दूध मिळायचं आणि पोरं गरम पाणी ओतून आपलं आपण कालवून खायची. अशी बॉथी पानावर स्वतंत्र घर म्हणून उमटते. तीन-चार अविवाहित तरुण, एक खोली, त्यातल्याच एकाला ‘प्रमुख’ केलेलं. वाचणाऱ्याला वाटतं, हे कसलं कुटुंब? आणि वरच्या ओळीतल्या मोठ्या शेतकऱ्याकडे एकही गडी दिसत नाही म्हणून दुसरं आश्चर्य. दोन्ही कोडी एकमेकांना सोडवतात, पान मात्र खालीपर्यंत वाचायला हवं.

आग्नेयेकडे, लोदियन आणि बेरिकशायरमध्ये, तिसरीच तऱ्हा. तिथे लग्न झालेल्या गड्याला वर्षभरासाठी ठेवायचे, झोपडी द्यायचे, आणि अट घालायचे की शेतकामाला एक बाईमाणूसही त्याने पुरवली पाहिजे. तिला ‘बाँडेजर’ म्हणत. मुलगी किंवा बहीण नसेल तर गड्याने स्वतः एक बाई पगारी ठेवून आपल्या झोपडीत राहायला जागा द्यायची. म्हणजे गरीब गड्याच्या घरात ‘नोकर’ दिसली, तर तो सुखवस्तू होता असा निष्कर्ष काढू नका. ती अट होती.

आपल्या नमुन्यातल्या गड्यांकडे परत येऊ. ईशान्येत अविवाहित गड्याचा करार सहा महिन्यांचा. मे आणि नोव्हेंबरमध्ये बाजारपेठेच्या गावात भरती भरायची, मालक आणि गडी उभ्या उभ्या बोली ठरवायचे. आपल्या मराठवाड्या-विदर्भात पाडव्याला किंवा अक्षय तृतीयेला सालगड्याचं साल ठरतं, तसंच. फक्त तिथे साल अर्धं. एप्रिलच्या रात्री मोजलेला तो १४ वर्षांचा गुराखी मे महिन्यात दुसऱ्या शेतावर गेलेला असू शकतो. १८७१ चं पान उघडलं तर शेतकऱ्याचं कुटुंब बहुधा तिथेच असेल आणि चारही नोकर अनोळखी असतील. त्या पोराला शोधायचं तर त्याच्या जन्मगावाचा रकाना धरून आजूबाजूच्या गावांची पानं चाळावी लागतात.

वेगळ्या आडनावाचा नातू

या ओळीपाशी माझं बोट नेहमी थांबतं. तीन वर्षांचं पोर आजी-आजोबांकडे, आणि आडनाव निराळं. एक शक्यता साधी: लग्न झालेल्या लेकीचं मूल आजोळी आलंय. दुसरी शक्यता ईशान्य स्कॉटलंडमध्ये तितकीच खरी: घरातल्याच अविवाहित मुलीचं मूल, बापाचं आडनाव घेऊन आजोळी वाढतंय. सरकारी नोंदणी सुरू झाल्यावर बॅन्फशायर-ॲबर्डीनशायरमधलं लग्नाविना झालेल्या जन्मांचं प्रमाण छापून आलं आणि एडिंबराच्या सभ्य समाजाला धक्का बसला. शेतकरी घरांत मात्र आजी त्या नातवाला बाकीच्या मुलांबरोबर वाढवत होती, आणि मुलगी पुन्हा चाकरीला जात होती.

कोणती शक्यता खरी, हे खानेसुमारी सांगत नाही. पण ती पुढचा रस्ता दाखवते. स्कॉटलंडमध्ये जन्म, मृत्यू आणि विवाह यांची सक्तीची नोंदणी १ जानेवारी १८५५ ला सुरू झाली. पोर १८६१ मध्ये तीन वर्षांचं, म्हणजे जन्म १८५७-५८ चा, म्हणजे नोंद असणार. त्या नोंदीत आईचं नाव मिळेल आणि लग्नाविना जन्म असेल तर तसा स्पष्ट शिक्काही नावाखाली मिळेल.

घरात परकं मूल दिसण्याचं तिसरंही कारण असतं. नात्याच्या रकान्यात ‘बोर्डर’ लिहिलेलं आणि जन्म ग्लासगो किंवा एडिंबराचा. शहरातल्या अनाथ, निराधार मुलांना गरीब-कायद्याखाली पैसे देऊन खेड्यातल्या घरांत ठेवलं जायचं. क्रॉफ्टरच्या घरात, घरच्यांपेक्षा वेगळ्या आडनावाची दोन-दोन पोरं दिसली, तर हे आधी तपासावं.

बायका काहीच करत नव्हत्या का?

रकाना रिकामा. नाहीतर ‘शेतकऱ्याची बायको’, ‘शेतकऱ्याची मुलगी’. एवढंच वाचून ‘त्या काळी बायका घरीच असत’ असं लिहिणारे कमी नाहीत. मला हा अन्याय वाटतो. गाई पिळणं, लोणी काढणं, चीज घालणं, वासरं-कोंबड्या सांभाळणं आणि अकरा माणसांचं रांधणं, हे सगळं त्या रिकाम्या रकान्यामागे आहे. आयरशायरमधलं डनलॉप चीज प्रसिद्ध होतं, ते शेतकऱ्यांच्या घरच्या बायकांच्या हातचं. त्याच कामासाठी बाहेरची मुलगी ठेवली की रकान्यात ‘डेअरीमेड’ येतं, कारण तिला पगार आहे. घरच्या मुलीचं तेच काम बिनपगारी, म्हणून बिननावाचं.

स्कॉटलंडमध्ये एक गोष्ट मात्र बायकांचा माग काढायला मदत करते. लग्नानंतरही बाईचं माहेरचं आडनाव कायदेशीर कागदांवर आणि थडग्यावर टिकून राहायचं. खानेसुमारीत बहुतेकदा नवऱ्याचं आडनाव आहे, पण एखादी म्हातारी विधवा अचानक माहेरच्या आडनावाने भेटते. आपल्या पानावरची ८० वर्षांची आई वेगळ्या आडनावाने लिहिलेली असती, तर तिला सासू समजण्याची घाई करू नये.

खिडक्या कशाला मोजल्या?

१८६१ मध्ये स्कॉटलंडची मोजणी पहिल्यांदा लंडनऐवजी एडिंबरातून चालवली गेली, आणि स्कॉटलंडने आपला एक खास प्रश्न घातला: एक किंवा अधिक खिडक्या असलेल्या खोल्या किती? लोक किती दाटीवाटीने राहतात ते यातून पाहायचं होतं. उत्तर हादरवणारं निघालं. सुमारे एक-तृतीयांश घरं एका खोलीची होती, त्याहून थोडी जास्त दोन खोल्यांची, आणि जवळपास आठ हजार घरांना एकही खिडकी नव्हती.

आपल्या शेतकऱ्याकडे अशा चार खोल्या, म्हणजे त्याचं बरं चाललं होतं. शेजारची ओळ पाहिली तर गड्याचं कुटुंब सात-आठ माणसांचं आणि खोली एक. त्या उजवीकडच्या रकान्यातून बोट वरून खाली फिरवलं, की गावात कोण कुठे उभा होता ते कळतं.

असाच दुसरा मोलाचा प्रश्न १८८१ मध्ये आला: गेलिक ही तिथली जुनी भाषा बोलता का? २ लाख ३१ हजारांवर माणसांची नोंद झाली. १८९१ पासून फक्त गेलिक आणि गेलिक-इंग्रजी दोन्ही, असा भेद करता आला, आणि एकाच घरात आजी फक्त गेलिक, नातवंडं दोन्ही, असं दिसू लागलं.

पण लोक खरं सांगत होते कशावरून?

शंका रास्त आहे. १८५१ ला ३० ची असलेली बाई १८६१ ला ३८ ची होते. यामागे लबाडी असेलच असं नाही. १८५५ च्या आधी जन्मलेल्यांकडे जन्माचा दाखला नसायचा, बाप्तिस्म्याची नोंद चर्चच्या वहीत असली तर असली. वय अंदाजाने सांगितलं जाई. म्हणून वयापेक्षा जन्मगावावर भिस्त ठेवावी, आणि तेही दोन-तीन खानेसुमाऱ्यांत पडताळून. आडनावांच्या स्पेलिंगवर तर अजिबात विसंबू नये. मास्तराने जसं ऐकलं तसं लिहिलं.

मुलांची नावं हा आणखी एक धागा. थोरला मुलगा बापाच्या बापाच्या नावाचा, दुसरा आईच्या बापाच्या, थोरली मुलगी आईच्या आईच्या नावाची, असा रिवाज पुष्कळ घरं पाळत. तो नियम नव्हता, पण मुलांची नावं ओळीने लावली की आजोबांचं नाव काय असावं, याचा अंदाज बांधता येतो. आजोबाचं नाव नातवाला ठेवणं मराठी घरांना काही नवीन नाही.

दोन मोजण्यांच्या मधे काय निसटतं?

पेनिसिलिन शोधणारा अलेक्झांडर फ्लेमिंग आयरशायरमधल्या डार्व्हेलजवळच्या लॉकफील्ड या शेतावर जन्मला, ६ ऑगस्ट १८८१ ला. त्या वर्षीची मोजणी ३ एप्रिलला होऊन गेली होती. तो सात वर्षांचा असताना वडील वारले. पुढची मोजणी ५ एप्रिल १८९१ ची. म्हणजे फ्लेमिंग बाप-लेक एकाही खानेसुमारीत एकत्र सापडणं शक्य नाही. सात वर्षं एका छपराखाली काढली, तरी कागदाला ती दिसलीच नाहीत. खेड्यातली कितीतरी पोरं अशा दहा वर्षांच्या फटीत जन्मली आणि गेलीही.

निघून गेलेल्यांसाठीही ओळ नसते. मुंबईच्या विल्सन कॉलेजचे संस्थापक जॉन विल्सन १८०४ मध्ये बेरिकशायरमधल्या लॉडरला, शेतकरी घराण्यात जन्मले. १८४१ च्या जूनमधल्या त्या रात्री ते मुंबईत होते. अशी समुद्रापार गेलेली मुलं शोधायची तर नोकरीची, जहाजांची, मिशनची कागदपत्रं धुंडाळावी लागतात.

हे आज कोणाला बघता येतं?

कोणालाही. स्कॉटलंडमध्ये ही माहिती शंभर वर्षं बंद ठेवतात आणि मग खुली करतात. १९२१ ची पानं नोव्हेंबर २०२२ मध्ये खुली झाली आणि ‘स्कॉटलंड्स पीपल’ या सरकारी संकेतस्थळावर शोधता येतात. आपल्याकडे तसं होत नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याचं कलम १५ व्यक्तिगत नोंदी कोणालाही पाहू देत नाही, आणि शंभर वर्षांनी खुल्या करण्याची तरतूदही त्यात नाही. गुप्ततेची हमी मला महत्त्वाची वाटते. ती नसेल तर लोक खरं सांगणार नाहीत. पण आपल्या पणजीच्या घरात १९५१ मध्ये कोण कोण राहत होतं, ते वाचायची सोय आपल्याला नाही याची खंतही वाटते.

इंग्लंड आणि वेल्सची १९३१ ची सगळी कागदपत्रं डिसेंबर १९४२ मध्ये आगीत जळाली. स्कॉटलंडची एडिंबरात होती, म्हणून वाचली. १९४१ मध्ये युद्धामुळे मोजणी झालीच नाही. त्यामुळे २०३२ मध्ये १९३१ ची पानं उघडली की पुढची वाट थेट २०५२ पर्यंत पाहायची. २६ एप्रिल १९३१ च्या रात्री एखाद्या शेतावरच्या पाळण्यात झोपलेलं मूल आज हयात असेल, तर वयाची शंभरी ओलांडल्यावर त्याला स्वतःची ओळ स्वतः वाचता येईल.